टिंग! संदर्भ हवा

सबमिशनच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे असता, हे तुमच्या प्राध्यापकांनाही पक्कं माहीत असतं. विकिपीडियावर! आणि 'संदर्भात विकिपीडिया लिहायचं नाही' हे त्यांचं वाक्य तुम्हालाही पाठ असतं. मग बरेच जण एक सोपा मार्ग काढतात. वाचायचं विकिपीडिया आणि संदर्भसूचीत उतरवायची त्या पानाच्या तळाशी दिलेली पुस्तकं. पुस्तकं ना विद्यार्थी उघडतो, ना तपासणारा. सगळे खूश.

जी साइट आपण रोज वापरतो आणि जिचं नाव चारचौघांत घ्यायला लाजतो, ती नेमकी चालते कशी? तिथे लिहितं कोण? चुकीचं लिहिलं तर पकडतं कोण? मास कॉमच्या वर्गातल्या आम्ही तिघांनी ठरवलंय, यावर मराठीत पॉडकास्ट करायचा. सहा एपिसोड, प्रत्येकी वीसेक मिनिटांचे, म्हणजे कॉलेजला जाताना बसमध्ये संपतील एवढे. रेकॉर्डिंग अजून व्हायचंय, पण आखणी झाली आहे. आणि खरं सांगायचं तर आखणी करतानाच इतकं काही हाती लागलं, की ते तुमच्यापर्यंत आत्ताच पोचवावंसं वाटलं.

कानांनी पाहायचं पान

पहिली अडचण साधी होती. विकिपीडिया ही डोळ्यांनी वाचायची गोष्ट. पॉडकास्टमध्ये ना निळी लिंक दिसते, ना फोटो. नुसता लेख वाचून दाखवला, तर श्रोता दुसऱ्या मिनिटाला गाणी लावणार. मग ऐकवायचं काय?

याचं उत्तर विकिपीडियाच्या पानावरच आहे. मराठी विकिपीडियावरचा कुठलाही लेख उघडा. वरच्या बाजूला 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' अशी दोन बटणं दिसतील. 'इतिहास पहा'वर त्या लेखात आजवर कुणी, कधी, काय बदललं, याची ओळीनं नोंद असते. आणि 'चर्चा'मध्ये लोक त्या लेखावरून एकमेकांशी वाद घालत असतात. म्हणजे पात्रं आहेत, संवाद आहेत, तारीख-वार आहे, संघर्ष तर आहेच आहे. नाटकाचं अर्धं स्क्रिप्ट तयार! आमच्या पॉडकास्टमध्ये आम्ही लेख वाचणार नाही, लेखामागचं भांडण ऐकवणार आहोत.

दुसरी गोष्ट आवाजाची. विकिपीडियावर एखाद्या वाक्याला आधार दिलेला नसेल, तर वाचणारा त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावू शकतो. ही खूण ऐकू कशी येणार? आम्ही त्यासाठी सायकलची घंटी निवडली आहे. आमच्यापैकी कुणीही 'असं म्हणतात की' किंवा 'सगळ्यांनाच माहीत आहे' म्हणून काही ठोकून दिलं, की दुसऱ्यानं घंटी वाजवायची. टिंग! मग बोलणाऱ्यानं आधार द्यायचा, नाहीतर वाक्य मागे घ्यायचं. हा खेळ आठवडाभर कट्ट्यावर करून बघा. अर्ध्या गप्पा बंद पडतील.

एपिसोड १ : न झालेली लढाई

सुरुवात कुठून करायची यावर आमच्यात एकमत व्हायला वेळ लागला नाही. गोष्ट गोव्याची आहे. २००७ च्या जुलैमध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक नवा लेख आला. विषय, डिचोलीचा संघर्ष. १६४०-४१ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेल्या युद्धाची सविस्तर हकिगत. साडेचार हजार शब्दांच्या आसपास मजकूर, खाली पुस्तकांची भारदस्त यादी. काही आठवड्यांतच या लेखाला 'उत्तम लेख' असा दर्जाही मिळाला. तिथल्या लेखांपैकी अगदी थोड्यांना मिळणारा हा मान.

ही लढाई झालीच नव्हती. लेख सगळाच्या सगळा बनावट होता. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका स्वयंसेवक संपादकानं तळाशी दिलेली पुस्तकं शोधायला घेतली आणि ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत हे उघड झालं. मग लेख काढला गेला. तोवर पाच वर्षं उलटली होती.

आता तुम्ही फक्त चौथीतलं इतिहासाचं पुस्तक आठवा. शिवरायांचा जन्म १६३० चा. १६४० मध्ये त्यांचं वय दहा. शहाजीराजे तेव्हा आदिलशाहीच्या चाकरीत. राज्याभिषेक व्हायला अजून ३४ वर्षं अवकाश. मग १६४० मध्ये 'मराठा साम्राज्य' आलं कुठून? आणि डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली ती अठराव्या शतकाच्या शेवटाकडे, 'नव्या काबिजादी'त. म्हणजे महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या शाळकरी मुलानंही पहिल्या ओळीलाच घंटी वाजवली असती. पण आपल्यातल्या कुणी तो लेख शंकेनं वाचला नाही, किंवा वाचून सोडून दिला. ज्यांनी त्याला दर्जा दिला, त्यांनी भाषा तपासली, मांडणी तपासली, तळटिपा जागेवर आहेत का ते तपासलं. तळटीप उघडून पाहिली नाही.

या एपिसोडचा प्रश्न आम्ही कागदावर असा लिहिला आहे : आपल्याबद्दलचं खोटं दुसरं कुणी पकडेल, अशी वाट आपण किती वर्षं बघायची?

एपिसोड २ : केतकरांपासून सांगकाम्यापर्यंत

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांचा त्याआधीचा प्रयोग होता 'न्यूपीडिया'. तिथे तज्ज्ञांनी लिहायचं आणि सात पायऱ्यांची तपासणी पार करायची, असा नियम. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख तयार झाले. मग 'कुणीही लिहा, कुणीही सुधारा' असा बाजूचा प्रयोग म्हणून विकिपीडिया आला आणि वर्षभरात लेखांची संख्या २० हजारांच्या घरात गेली. 'विकी' हा शब्द हवाईयन भाषेतला, अर्थ झटपट. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरनं १९९५ मध्ये, कुणालाही बदलता येईल अशा आपल्या वेबसाइटसाठी तो उचलला होता.

हे सगळं इंटरनेटवर कुठेही मिळेल. आमच्या एपिसोडची खरी सुरुवात मात्र त्याच्या ऐंशी वर्षं आधी होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून उभे राहिले. ना सरकार पाठीशी, ना पैसा. लोकांकडून भांडवल गोळा करून त्यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पुरे केले. नावापुढे 'ज्ञानकोशकार' ही पदवी लोकांनीच लावली. पुढे महादेवशास्त्री जोशींनी 'भारतीय संस्कृतिकोशा'चे दहा खंड केले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली 'मराठी विश्वकोश' आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ चा आणि आज तो ऑनलाइनही वाचता येतो. म्हणजे 'सगळं ज्ञान आपल्या भाषेत हवं' हे वेड आपल्याकडे अमेरिकेतून आलेलं नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला, तेव्हा या वेडाला एक नवी जागा मिळाली एवढंच.

आणि तिथल्या सुरुवातीच्या मंडळींनी काय सुंदर शब्द घडवलेत! चाचणीसाठी काहीही लिहून बघायची जी जागा असते, तिचं मराठी विकिपीडियावरचं नाव 'धूळपाटी'. सगळ्यांनी जमून प्रश्न सोडवायची जागा म्हणजे 'चावडी'. आपोआप कामं करणारा प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, त्याचं नाव 'सांगकाम्या'. सांगितलं तेवढंच करणारा! कुणा समितीनं ठरवलेल्या जडजंबाल परिभाषेपेक्षा हे शब्द किती हलके आणि नेमके आहेत बघा. या एपिसोडमध्ये मध्येमध्ये पाटी-पेन्सिलचा कुरकुर आवाज टाकायचा विचार आहे. पाटी मिळाली आहे, पेन्सिल शोधतोय.

एपिसोड ३ : एका अक्षराचं महाभारत

तिसरा एपिसोड हलकाफुलका हवा होता. २०१२ च्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियावर एक वाद पेटला. 'स्टार ट्रेक इनटू डार्कनेस' या सिनेमाच्या नावातल्या 'इनटू'चं पहिलं अक्षर कॅपिटल असावं की स्मॉल? एवढाच मुद्दा. दोन्ही बाजूंनी मिळून ४० हजारांहून जास्त शब्द लिहिले गेले. तेवढ्यात एखादी छोटी कादंबरी झाली असती. हे आपल्याकडे घडलं असतं, तर ऱ्हस्व-दीर्घावरून घरं फुटली असती, यात शंका नाही.

हसून झालं की मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. एवढ्या भांडणाचा निकाल कसा लागतो? विकिपीडियावर मतदान करून सत्य ठरत नाही. तिथली मूळ तत्त्वं मोजकी आहेत. लेखात स्वतःची बाजू घ्यायची नाही. जे लिहाल त्याला पडताळता येईल असा छापील किंवा विश्वासार्ह आधार द्यायचा. स्वतःचं संशोधन तिथे पहिल्यांदा मांडायचं नाही. आणि समोरच्याशी सभ्यतेनं वागायचं. या चौकटीत राहून, थकून का होईना, सहमतीवर यायचं. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

एपिसोड ४ : पान नसलेली माणसं

२ ऑक्टोबर २०१८. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी आणि मारिया गोपर्ट-मायर यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या केवळ तिसऱ्या स्त्री. जगभर लोकांनी त्यांचं नाव विकिपीडियावर शोधलं. पानच नव्हतं! त्याच वर्षी मे महिन्यात कुणीतरी त्यांच्यावर लेख पाठवला होता, पण 'पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत' म्हणून तो परत गेला होता. ज्यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं, त्या जेरार मुरू यांचं पान मात्र आधीपासून होतं.

इथे खलनायक शोधायचा मोह होतो. लेख परत पाठवणाऱ्यानं नियम पाळला होता. अडचण नियमाच्या पोटात आहे. ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांनी, पुस्तकांनी आधी लिहिलं, त्यांचंच पान होणार. ज्यांच्याकडे आधीच दुर्लक्ष झालं, त्यांच्याकडे पुन्हा दुर्लक्ष होणार. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रं पाचात जेमतेम एक. ब्रिटनच्या जेस वेड या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी मग स्वतःच कंबर कसली आणि स्त्री वैज्ञानिकांवर एक हजाराहून जास्त लेख लिहिले.

आता हा प्रश्न आपल्या अंगणात आणा. तुमच्या तालुक्यातली एखादी लावणी कलावंत, जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेली आजी, तमाशाच्या फडातला ढोलकीवाला. यांच्यावर लेख लिहायला बसलात, तर 'संदर्भ हवा' ही पाटी पहिल्याच ओळीला लागेल. कारण त्यांचं काम लोकांच्या तोंडी आहे, छापलेलं नाही. मग ते ज्ञान नाही का?

याचं एक उत्तर आम्हाला सापडलं आणि ते तुमच्याच हातात आहे. संदर्भ कुणीतरी आधी तयार करावा लागतो. तुमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात आलेली मुलाखत, गावच्या इतिहासावरची पुस्तिका, जिल्हा वृत्तपत्रातलं कात्रण. वार्षिक अंकातली एकच मुलाखत पान उभं करायला पुरणार नाही, पण पुढचं कुणी लिहायला बसेल, तेव्हा सुरुवात तिथून होईल. तेव्हा कॉलेजच्या अंकासाठी 'पाऊस आणि मी' लिहायच्या आधी जरा थांबा. त्याऐवजी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाची मुलाखत, तारीख-वारासकट लिहिलीत, तर तुम्ही कविता न करताही अमर व्हाल. (टिंग! बरं, 'अमर' मागे घेते.)

एपिसोड ५ : भाषा वाचवताना भाषेचा खून

हा एपिसोड आखताना आमचं हसू पळालं. स्कॉट्स ही स्कॉटलंडमधली भाषा. इंग्रजीची जवळची बहीण, पण स्वतंत्र. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं, की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन मुलानं लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. तो लहान असताना हौसेनं सुरू झाला. इंग्रजी वाक्य घ्यायचं, शब्द शब्दकोशात बघून बदलायचे, स्पेलिंग थोडी वाकवायची आणि चिकटवून द्यायचं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण वर्षानुवर्षं कुणी अडवलं नाही, कारण अडवायला भाषा जाणणारं पुरेसं कुणी तिथे नव्हतंच. परिणाम काय? जगभरातले लोक ते वाचून म्हणायला लागले, 'स्कॉट्स म्हणजे काय, मोडकं इंग्रजीच की!'

दुसरं टोक फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचं. लेखांच्या संख्येत सेबुआनो विकिपीडिया जगात इंग्रजीच्या खालोखाल येतो, ६० लाखांहून जास्त. पण त्यातले बहुतेक लेख एका बॉटनं, म्हणजे आपल्या भाषेत सांगकाम्यानं तयार केलेले आहेत. एवढे लेख, आणि वाचण्यासारखं माणसाच्या हातचं किती?

मराठीचं काय? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून जास्त लोक. मराठी विकिपीडियावरचे लेख एक लाखाच्या आसपास. इंग्रजीनं २०२० च्या जानेवारीतच ६० लाखांचा टप्पा ओलांडला होता. पण आकड्यावर जाऊ नका. तुमच्या आजोळच्या गावाचं पान उघडून बघा. कित्येक गावांच्या पानांवर तोच साचेबंद मजकूर आहे, हवामानाची तीच दोन वाक्यं, फक्त गावाचं नाव बदललेलं. कुठे यंत्रानं केलेलं भाषांतर तसंच्या तसं चिकटवलेलं. शब्द मराठी, पण वाक्य कुणाच्याच आईच्या तोंडचं नाही.

आणि आता ही गोष्ट फक्त विकिपीडियापुरती राहिलेली नाही. आपण ज्या एआयला प्रश्न विचारतो, ती विकिपीडिया वाचूनही शिकते. तिथली मराठी लंगडी असेल, तर एआयची मराठी लंगडी होईल. मग तीच मराठी असाइनमेंटमध्ये येईल, पोस्टमध्ये येईल, कुणीतरी ती पुन्हा विकिपीडियावर चिकटवेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. दर्जा दिल्लीतून मिळतो. पण रोजची भाषा कोण लिहितं, त्यावर ती उद्या कशी दिसेल हे ठरतं. आपण नाही लिहिली, तर ती रिकामी राहणार नाही. दुसरं कुणीतरी, किंवा काहीतरी, ती लिहील.

एपिसोड ६ : लिहिणाऱ्याची भीती

शेवटचा एपिसोड ठेवायचा की नाही, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी विकिपीडिया पानावरच्या मजकुरावरून महाराष्ट्रात संताप उसळला. राज्याच्या सायबर पोलिसांनी मजकूर काढण्यासाठी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्याआधी २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं आपल्या पानावरच्या मजकुराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात विकिमीडियावर बदनामीचा दावा लावला. त्या दाव्याबद्दलचंच एक पान काढायचा आदेश उच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये दिला. ९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, 'कशाला नसती आफत, पाच एपिसोड बास.' दुसरीचं म्हणणं, 'मग पहिला एपिसोडही करू नका.' मला दोघांचंही पटत होतं. ज्या माणसाबद्दल लोकांच्या मनात अपार श्रद्धा आहे, त्याच्याबद्दल बेजबाबदारपणे लिहिलेलं कुणी का सहन करावं? पण एखादं वाक्य चुकीचं वाटलं, तर ते दुरुस्त करायचा रस्ताही तिथेच आहे. चर्चापानावर जा, चांगलं पुस्तक दाखवा, वाक्य बदलायला लावा. आणि जो फुकट, रात्री जागून लिहितो, त्याला उद्या दारात पोलीस येतील अशी धास्ती वाटली, तर अवघड विषयांवर लिहायला उरणार कोण? ज्यांना कसलीच धास्ती नाही, तेच!

शेवटी आम्ही एपिसोड ठेवायचं ठरवलं, पण अटींवर. वादग्रस्त मजकूर पुन्हा उच्चारायचा नाही. कुठल्याही संपादकाचं खरं नाव घ्यायचं नाही. कायदा समजावून सांगायला वकिलांना बोलवायचं. आणि निकाल आम्ही द्यायचा नाही. घंटी मात्र दोन्ही बाजूंना सारखीच वाजवायची.

तुम्हालाही असा पॉडकास्ट करायचा असेल तर

• प्रत्येक एपिसोडसाठी एकच कागद करा. त्यावर पाच रकाने : प्रश्न, घटना, आवाज, पुरावा, शेवट. 'प्रश्न' एका ओळीत मावत नसेल, तर विषय अजून पिकलेला नाही.

• स्क्रिप्टमधल्या प्रत्येक ठाम वाक्यापुढे समासात आधार लिहा. विकिपीडियाबद्दल बोलताना आधार म्हणून विकिपीडियाच दाखवणं म्हणजे स्वतःच्या जामिनाला स्वतः उभं राहणं. मूळ बातमी, मूळ पुस्तक उघडा.

• संपादकाला पाहुणा म्हणून बोलवायचं असेल, तर त्याच्या सदस्य चर्चापानावर विनंती लिहा. अनेक जण टोपणनावानं लिहितात. ते खरं नाव सांगणार नसतील, तर आग्रह धरू नका. रेकॉर्ड झाल्यावर त्यांना एकदा ऐकवा.

• विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. तो वापरता येतो, पण श्रेय द्यावं लागतं आणि त्यावर बेतलेलं तुमचं कामही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. एखादा उतारा वाचून दाखवलात, तर कुठल्या पानावरचा ते बोलून सांगा आणि माहितीच्या चौकटीत परवान्यासह लिहा.

• स्टुडिओ नसला तरी चालेल. पंखा बंद, खिडकी बंद, अंगावर गोधडी, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर. ऑडॅसिटी हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मग रेकॉर्डिंग सुरू करा.

• तारखा आणि परकी नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. कागदावर सोपं दिसणारं नाव माइकसमोर दात काढतं.

आधी एक पान

सहा एपिसोड ऐकून श्रोत्यांनी काय करावं, असं आम्हाला वाटतं? 'विकिपीडियावर विश्वास ठेवा' किंवा 'ठेवू नका' हे सांगायला पॉडकास्ट लागत नाही. आम्हाला एवढंच हवंय, की ऐकणाऱ्यानं एक पान नीट उघडावं. आपल्या गावाचं, कॉलेजसमोरच्या तळ्याचं, आवडत्या लेखिकेचं, कबड्डीपटूचं, कशाचंही. आधी लेख वाचा. मग 'इतिहास पहा'वर जा आणि शेवटचा बदल कधी झाला ते बघा. मग तळाशी जाऊन एक, फक्त एक संदर्भ खरोखर उघडा. पुस्तक असेल तर ग्रंथालयात मागा. ग्रंथपालांना इतका आनंद होईल, की ते चहा विचारतील.

संदर्भ सापडला, पान क्रमांक जुळला, तर छानच. नाही सापडला, तर तुम्ही त्या दिवशी असं एक काम केलंत, जे डिचोलीच्या त्या लेखावर पाच वर्षं कुणीच केलं नव्हतं. आता ते वाक्य तसंच सोडून द्यायचं, की पानाच्या वर 'संपादन' लिहिलंय तिथे बोट टेकवायचं, हे तुम्ही ठरवा. हात थरथरत असेल तर धूळपाटी आहेच. तिथे काहीही लिहा, गिरवा, पुसा. मग लेखाकडे या.